मामानं पाह्यलेला मणी

ठिपके होते. बारीक बारीक, काळे, सुईनं टोचल्यासारखे... भिंग पुसलं, परत पाह्यलं, तरी होतेच. आन् मणी माझ्या राजूच्या गळ्यात, तो त्याले चोखून राह्यला.

भिंग मामाचं. मामाले जाऊन महिना होत आला. परवा मामीनं ते पदराच्या गाठीतून सोडून मले देल्लं, म्हणे, "त्याइची याद म्हणून ठेव वं."

मामा म्हणजे माझ्या मायचे सख्खे भाऊ, इथंच बालाघाटात आमच्या मोहल्ल्यात राहत. तरुणपणी ते नागपूरकडं जुन्या वस्तीच्या खोदकामावर होते. मातीतून निघालेलं धुवाचं, वेगळं कराचं. हस्तीदंत इकडं, हाड तिकडं, शिंग आणखी कुठं. जेवता जेवताही सांगत, "पोरी, हस्तीदंतात रेघा असतात, जाळीवानी एकमेकीले काटत जातात. हाडात ठिपके. शिंग आतून भुसभुशीत." मामी म्हणे, "तिच्या घासात हाडं काहून कालवता? जेवू द्या ना."

राजूले दात येऊन राह्यलते. घर सारवाले मी पांढरीची माती आणाले गेलती, नदीकाठच्या जुन्या गावाच्या टेकाडावर. मातीत गुळगुळीत मणी सापडला, भोक पाडलेला. मले वाटलं हस्तीदंत. दात येणाऱ्या लेकराले आमच्याकडं तो बांधतात, म्हणून बांधला. मंग पोराले बुखार आला. शेजारची गुंफाबाई मणी पाहून म्हणे, "हस्तीदंत नोहे बाई, हाड होय. पांढरीत मेलेल्या माणसाइचेच हाडं निघतात." लेकरू काखेत घेतलं न् मामाकडं पळाली.

"आपण बुद्धाची दीक्षा घेतली ना पोरी," मामा म्हणे, "भुतं तिकडंच सोडून आलो का नाही?"

"हौ मामा, पण पोरगं तापलं ना."

मंग ते हासले नाही. मणी धुतला, उन्हात धरला, भिंग लावून लय वेळ पाह्यत बसले. जिभेलेही लावून पाह्यला, खोदकामावर हाड तसंच पारखत, जुनं हाड जिभेले चिकटते म्हणत. म्हणे, "चितळाचं शिंग होय. दरसाल आपोआप गळते, जनावर मरतही नाही. बांध परत." डाक्टरची दवाई चालूच होती, पण मले वाटे ताप मामाच्या शब्दानं उतरला.

ठिपके पाह्यले तशी मी मामीकडं गेली. ती तांदूळ निवडत होती.

"मामी, मामानं मणी नीट पाह्यला होता ना?"

"कायचं पाह्यतात. मोतीबिंदूनं त्याइले ताटातला भात दिसत नव्हता. भिंग उगाच डोळ्याले लावत, सवय होती."

मंग मामानं जिभेनं ओळखलं, का माझा रडका आवाज ऐकून सांगून देल्लं... आता कोणाले पुसू? ठिपक्यावरून हाड समजते, कोणाचं ते समजत नाही. धागा तोडाले गेली का राजू रडून रडून निळा होते, मणी तोंडात गेला का गप. तोडला त मामाले खोटं पाडलं असं वाटते, आन् उद्या परत ताप आला त? ठेवला त मी लेकराच्या तोंडात काय ठेवून राह्यली... भिंग कोनाड्यात मामा ठेवत तसं पालथं ठेवलं हाय, तिकडं पाहाची हिंमत होत नाही. लेकरू तुमचं असतं त तुमी काय केलं असतं?