सेलेदोनियोचे अकरा स्टिकर

सान इल्देफोन्सो काउंटीत निवडणूक आली की उमेदवार आधी सेलेदोनियो आरिस्पेच्या दारात यायचे. मतासाठी नव्हे, मांसासाठी. प्रचाराच्या जेवणावळीत त्याने बारा तास भाजलेलं गोमांस नसेल, तर टेक्सासच्या या कोपऱ्यात सभेला कुत्रंही फिरकत नसे. मांस कापता कापता सेलेदोनियो प्रत्येकाला सांगायचा, कुणाला निवडायचं आणि कुणाला पाडायचं. कोण कुणाचा जावई, कुणी रस्त्याचे पैसे खाल्ले, सगळं त्याला तोंडपाठ. लोक ऐकायचेही.

त्याने स्वतः मात्र उभ्या जन्मात मत दिलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो सीमेवरच्या नदीपलीकडून आला, रहिवासाची कागदपत्रं मिळाली, नागरिकत्वाची परीक्षा तेवढी राहिली. परीक्षा इंग्रजीत, आणि त्याचं इंग्रजी मांसापुरतं. हे गावाला कळलं तर त्याचं कोण ऐकणार? म्हणून मतदानाच्या दिवशी तो दरवेळी लाकडं आणायला रानात जायचा. बावीस वर्षांत त्याच्या परसात लागतील त्याच्या तिप्पट लाकडं साठली होती.

मतदान केंद्रावर यादी घेऊन बसणारी ओब्दुलिया त्याच्या मुलीची धर्ममाता, म्हणजे त्याची कोमाद्रे. संध्याकाळी घरी जाताना ती त्याच्या हातात मत देणाऱ्याला मिळणारा 'मी मत दिलं' असा स्टिकर ठेवायची. "घे, सकाळी तुला द्यायचा राहिला."

"गर्दी होती ना," तो म्हणायचा. ओब्दुलिया विसरभोळी आहे, हे त्यानेच गावभर केलं होतं. थापा मारायला त्याची ना नव्हती, पण तो स्टिकर छातीवर लावायला हात धजत नसे. तो कपाटात ठेवून द्यायचा.

एका जेवणावळीत एका उमेदवाराने राजधानीतून आलेला तक्ता वाचून दाखवला. राज्यातल्या सगळ्या काउंट्यांचा. "अठरा वर्षांवरच्या माणसांत आपल्याकडे शंभरात शहाण्णव लातिनो! आणि मत दिलं किती जणांनी? सहा हजारांतल्या दोन हजारांनी! बाकीचे कुठे मेलेत?"

"लाकडं आणायला गेले असतील," ओब्दुलिया म्हणाली. सगळे हसले. सेलेदोनियोने भाजून झालेला तुकडा पुन्हा जाळावर ठेवला.

त्याच आठवड्यात तो शेजारच्या शहरातल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसला. घरी सांगितलं, गुडघ्याचा इलाज चालू आहे. इलाज दीड वर्ष चालला.

नागरिकत्वाची परीक्षा पास होऊन पुढच्या निवडणुकीला तो पांढरा शर्ट घालून केंद्रावर गेला. ओब्दुलियाने ओळखपत्र मागितलं, जणू आजच ओळख होतेय. यादीवरून फिरणारं तिचं बोट थांबलं.

"आरिस्पे, सेलेदोनियो. सापडलास एकदाचा! दर निवडणुकीला या पानावर शोधत होते तुला."

"कोमाद्रे, तुला ठाऊक होतं?"

"मी विसरभोळी बाई. मला काय ठाऊक असणार? सही कर."

गावाला बावीस वर्षं सल्ला देणारा माणूस मतदानाच्या आडोशाआत इतका वेळ उभा राहिला, की तिला ओरडावं लागलं, "काय रे, मांस भाजतोयस का तिथे?"

बाहेर येऊन त्याने तिच्यापुढे एक पाकीट ठेवलं. आत अकरा स्टिकर. "तुझे तुला. एकही लावला नाही."

तिने सगळ्यांत जुना, पिवळा पडलेला उचलला. त्याचा डिंक कधीच वाळून गेला होता. मग छातीवरच्या आपल्या कामाच्या बिल्ल्याची टाचणी काढून तिने तो त्याच्या शर्टावर टोचला. सेलेदोनियो सगळ्यांदेखत रडला.

"टाचणी लागली का रे?"

"हो," तो म्हणाला.