अक्काच्या बांगड्या आणि नानांची काडतुसं

नाना काडतुसं अक्काच्या बांगड्यांवरून पारखायचे. नाना माझे थोरले दीर आणि अक्का माझी जाऊ. मी धुळ्याची. लग्न होऊन त्यांच्या केळीच्या मळ्यात आले, तेव्हा मुक्ताईनगरला एदलाबाद म्हणत. पहिल्याच आठवड्यात पाहिलं, अक्का एवढंसं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरून केळीच्या खांबावर गोळी झाडतेय, आणि नाना खांबाकडे न बघता तिचं मनगट हातात घेऊन काचेच्या बांगड्या निरखताहेत. कुठल्या घरात पडले, असं मला झालं.

घर वस्तीपासून लांब होतं. केळीच्या वॅगन भरायला नाना सावद्याला जात, तिकडेच मुक्काम पडे. शिवाय त्यांची छाती अधू होती. ते कधी बोलून दाखवत नसत, पण रिव्हॉल्व्हरचा परवाना त्यांनी हट्टाने अक्काच्या नावावर काढला होता. आपल्यामागे हिचं कसं होईल, हा एकच घोर त्यांना होता.

जळगावचा दुकानदार त्यांच्यापुढे दोन डब्या ठेवायचा, एक विलायती जोरकस काडतुसांची, दुसरी देशी आणि सौम्य. नाना दोन्ही घेऊन येत. घड काढून झालेले खांब एकामागे एक रोवायचे, अक्काला लागोपाठ दोन गोळ्या झाडायला लावायचं आणि मग विळ्याने खांब चिरून गोळी कुठवर गेली ते बघायचं. केळीच्या चिकाच्या डागावाचून त्यांचा एक सदरा राहिला नव्हता. विलायती गोळी जास्त खोल जायची खरी, पण त्या इवल्याशा रिव्हॉल्व्हरमधून तिचा धक्का हाताला सोसत नसे. हात उसळायचा, बांगड्या एकमेकींवर आदळायच्या आणि दुसरी गोळी आभाळात. एकदा तर बांगडी फुटून अक्काचं मनगट कापलं. नानांनी त्यावर हळद दाबली आणि त्याच दिवशी ते डबी परत करून आले.

"नाना, जोर तर हिच्यातच आहे," दुकानदार म्हणाला म्हणे.

"जोर घेऊन काय करू? पह्यली गोयी भेवानं सुटते. दुसरीच्या टायमाले हात जागेवर पाह्यजे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नवऱ्याशी भांडले की मलाही ऐकवायचे, "पह्यला शब्द गेला तो गेला. दुसऱ्याच्या टायमाले जागेवर राह्य व बाई." मला रागातही हसू यायचं.

अक्का कुरकुरायची, "तुमी असल्यावर मले कायले पाह्यजे हे?"  नाना तिचं मनगट मात्र लवकर सोडत नसत.

केळी कापायच्या दिवसांत, बांधावर बसल्या बसल्या नाना गेले. एवढी माया मला माहेरीही कुणी लावली नव्हती. अजून कुठे केळीचा ताजा चीक दिसला की त्यांची फार आठवण येते.

वर्षभराने जुनी काडतुसं संपली. दुकानात नानांची ती डबी मिळेना, भलतीच कुठलीशी मिळाली. मळ्यात खांब रोवून झाले, पण अक्का नुसती उभी. "आता कशावरून कयनार?" ती आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत म्हणाली. मी माझ्या दोन बांगड्या काढून तिच्या हातात सरकवल्या. ती नको नको म्हणाली, पण हात मागे घेतला नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, तिथे आम्ही दोघीच होतो.

तिने लागोपाठ दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही खांबात बसल्या. बांगड्या वाजल्या, फुटल्या नाहीत. मग खांबाकडे न बघता, सवयीने, तिने मनगट उजवीकडे पुढे केलं. नाना तिथे उभे असायचे. हात कितीतरी वेळ तसाच राहिला. मी शेजारीच होते, पण तो धरायचं मला धाडस झालं नाही.