माझ्याशिवाय गेलेली माझी सायकल

आमच्या घरात रविवार अर्धाच येतो. मला सुट्टी असते, नवऱ्याला नसते. त्याची कंपनी चाकणला, आणि या पट्ट्यातल्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मी निगडीतल्या एका शाळेत तिसरीला शिकवते, त्यामुळे गुरुवारी मी फळ्यापुढे आणि तो घरी बनियनवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सणवार सोडले तर दोघांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली असं कधी झालं नाही. आणि सणावाराला आम्ही गावी पळतो. लग्नाची पत्रिका आली की आम्ही आधी वार बघतो. गुरुवार असला तर तो जातो, रविवार असला तर मी. लातूरच्या माझ्या मावशीला बरीच वर्षं वाटत होतं की आमचं काही पटत नाही.

पटतं हो. भांडायला तरी दोघं एका वेळी घरात हवेत ना. कधी फर्स्ट शिफ्ट, कधी सेकंड, मध्येच ओव्हरटाइम, यात तेवढी सवड कोणाला?

मुलगी शिकायला नाशिकला गेली आणि तिची पिवळ्या बास्केटची सायकल जिन्याखाली पडून राहिली. मी तेव्हा शेअर रिक्षानं शाळेत जायचे. एकदा रिक्षावाल्यानं चौथी बाई कोंबली आणि मी अर्धी बाहेर लोंबायला लागले. त्याला चार शब्द सुनावून मी मध्येच उतरले आणि दुसऱ्या दिवशी ती सायकल पुसून काढली. मला राग पटकन येतो, आणि खरं सांगायचं तर माझे बरेचसे चांगले निर्णय मी रागातच घेतलेत. त्या दिवसापासून मी रोज सायकलनं शाळेत जाते. साडीचा पदर खोचायचा, डब्याची पिशवी बास्केटमध्ये टाकायची आणि निघायचं.

मग रविवारच्या एका सायकल ग्रुपमध्ये गेले. ग्रुप चालवतात ते दादा इथले मूळ गावकरी. आमची सोसायटी उभी आहे ते त्यांचं एकेकाळचं वावर. आता त्यांच्याकडे वावर नाही, पण एक भारी सायकल आहे आणि ती वावरासारखीच जपतात. रविवारी सकाळी आम्ही निगडीहून देहूला जायचो, घाटावर जरा बसायचो, पोहे-चहा करून उन्हाच्या आत परत.

गंमत म्हणजे नवराही त्याच रस्त्यानं जायचा, पण गुरुवारी. त्याची जुनी काळी, मागे कॅरिअर असलेली सायकल. कंपनीतले त्याचे मित्र कुरुळीला राहतात, ते तिकडून यायचे आणि देहूला सगळे एकत्र भेटायचे. त्यांच्या ग्रुपला नाव नव्हतं, टी-शर्ट नव्हते, फोटोही नव्हते. आमचं बोलणं मग असं चालायचं. मी सांगायचे, वळणावरच्या वडाखाली पाणी साचलंय. तो म्हणायचा, गुरुवारी तर आटलं होतं. तो सांगायचा, घाटाजवळ ताजी मेथी मिळते. मी रविवारी शोधायचे, तर मेथीवाली नाही. एकच रस्ता, आणि आम्ही दोघं तो आळीपाळीनं वापरायचो. मला फार वाटायचं की एकदा, एकदा तरी या माणसाच्या शेजारून सायकल चालवावी. बाकी काही नको होतं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तो हसला असता.

आमच्या शाळेपुढून मोठा रस्ता जातो. त्याच्या कडेला सायकलींसाठी पट्टा आहे, लाल रंगाचा. म्हणजे रंग लाल आहे असं ऐकून होते, कारण दिसायचा फार थोडा. त्यावर गाड्या उभ्या, पुढे रसवंतीचा गाडा, त्यापुढे कोणाचे तरी बांबू, आणि मंगल कार्यालयात लग्न असलं की खुर्च्यासुद्धा. मी रोज त्या पट्ट्याच्या बाहेरून, बसच्या भोंग्यांच्या पुढे जीव मुठीत धरून जायचे. ग्रुपनं पट्टा मोकळा करण्यासाठी निवेदनं दिली, रविवारी फलक लावून राइडही काढल्या. शेवटी वॉर्डाच्या कार्यालयातल्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. साहेब तसे बोलायला गोड. चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही रविवारी हौसेनं चालवता, चांगलंच आहे. पण रोज सायकलवर कोण जातं हो आता?"

मी त्यांच्यासमोर बसले होते. रोज जाणारी बाई. मी कप खाली ठेवला. "मी जाते की," असं म्हणाले, तर साहेब म्हणाले, "अशा तुम्ही एकट्याच, मॅडम." आणि फाइल मिटली.

पुढच्या रविवारी देहूला पोहे खाताना मी ग्रुपवर भडकले. म्हटलं, आपण मोर्चासारखी राइड काढतो ती रविवारी सकाळी! कार्यालयाला कुलूप, साहेब झोपलेले, रस्ता रिकामा. आपल्याला बघतं कोण? काढायची तर गुरुवारी काढू या, कार्यालय उघडायच्या वेळेला. गुरुवारी कंपन्या बंद असतात, जे खरोखर सायकलवर कामाला जातात ती माणसं मोकळी असतात. ती माणसं मी आणते, माझा नवरा आणेल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाले, "ताई, तुमी बोलला त्ये खरं हाय. आमी नुसतं पोहे खातोय. गुरुवारच धरू." तिथेच तारीख ठरली.

मी फुशारक्या मारत घरी आले. नवरा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. त्याला सगळं रंगवून सांगितलं, साहेबांची नक्कल केली, माझं भाषण पुन्हा करून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं, बूट घातले, आणि विचारलं, "आणि तुझी शाळा?"

भाषणाच्या भरात मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. सगळ्या शहराला चालेल असा वार मी शोधून काढला होता, फक्त मला सोडून. आणि वर त्या दिवशी नवरा निगडीच्या रस्त्यावर सायकल चालवणार आणि त्याच्या शेजारी मी नसणार.

रजा मागून बघितली. मुख्याध्यापिका वाईट नाहीत, पण दोन शिक्षिका प्रशिक्षणाला गेलेल्या आणि त्याच दिवशी घटक चाचणी. "सायकलसाठी रजा?" असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चेष्टेचाही नव्हता. माझ्या नोकरीतल्या सगळ्या रजा गेल्या त्या मुलीच्या टायफॉइडला, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, कोणाच्या तरी दहाव्याला. मला बरं वाटावं म्हणून घेतलेली एकही नाही. ताप आलाय असं खोटं सांगता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात ताप आलेल्या बाईचा सायकलवरचा फोटो आला असता तर? मी रजेचा नाद सोडला आणि वर्गावर गेले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला रडू आलं, आणि मी सांगितलं की खडूची धूळ गेली.

तो गुरुवार उजाडला. मी सवयीनं जिन्याखालून सायकल काढायला गेले तर नवरा म्हणाला, "सायकल राहू दे आज. मला लागणाराय."

"तुमची आहे की."

"दोन्ही लागणारायत."

म्हणजे कुणातरी मित्राकडे सायकल नसेल आणि हा माझी देणार. मी राइडला नाही, पण माझी सायकल जाणार, आणि वर बसणार कुरुळीचा कोणीतरी! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो नुसता म्हणाला, "एवढं काय तापायलीस? रिक्षानं जा एक दिवस." मी शेअर रिक्षात बसले आणि शाळा येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

चाचणी गणिताची होती. वर्गात शांतता आणि बाहेरून घंट्यांचा आवाज आला. आधी थोडा, मग खूप. सायकलच्या इतक्या घंट्या मी एका वेळी कधी ऐकल्या नव्हत्या. मुलं पेपर टाकून खिडकीशी धावली, आणि मी त्यांना ओरडायच्या निमित्तानं त्यांच्या मागे.

पुढे दादा, त्यांच्यामागे आमचा रविवारचा ग्रुप, आणि त्यामागे गुरुवारचा. काळ्या, गंजलेल्या, डब्याच्या पिशव्या लटकवलेल्या सायकली, कंपनीच्या गणवेशातली माणसं, दोन-तीन बायकाही. रस्ताभर पसरून, अगदी सावकाश. मागे बस तुंबलेल्या. आणि तेवढ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी किंचाळली, "बाई, बाई! तुमची सायकल कोणतरी चोरून न्यायलंय!"

नवरा होता. उजव्या हातानं स्वतःची सायकल चालवत होता आणि डाव्या हातानं माझी सायकल हँडलच्या मधोमध धरून शेजारून नेत होता. माझ्या सायकलवर कोणी नव्हतं. पिवळ्या बास्केटमध्ये माझी पाण्याची बाटली होती आणि सीटवर माझं हेल्मेट बांधलेलं. लहानपणी त्याच्या मामाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तिथे तो ही कसरत शिकला, हे मला ठाऊक होतं. पण इतक्या लांबून, इतक्या गर्दीतून? त्यानं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर दोन्ही सायकली आडव्या झाल्या असत्या. शेजारी कोणी घुसायला लागलं की तो मान हलवायचा, आणि माणसं माझ्या रिकाम्या सायकलला जागा द्यायची.

मुलांना मी म्हटलं, चोर ओळखीचा आहे, पेपर लिहा.

पुढचं दादांनी फोनवर सांगितलं. राइड वॉर्डाच्या कार्यालयापाशी पोचली तेव्हा साहेब खाली फाटकापर्यंत आले. एवढ्या सायकली बघून जरा गोंधळले. मग त्यांची नजर त्या पिवळ्या बास्केटवर गेली आणि त्यांनी विचारलं, "ही कोणाची? बसणारा कुठाय?"

नवरा एरवी साहेब लोकांपुढे बोलत नाही. पण बोलला. "साहेब, रोज सायकलवर कोण जातं, असं तुम्ही विचारलं होतं ना? ती जाती. आज पण कामावरच हाय, वर्गात. म्हणून सायकल पाठवून दिली तिनं."

मी पाठवली नव्हती. पण राहू दे.

दादा म्हणाले, "साहेब हसलं. ताई, बाकी समद्यांच्या भाषणाला काय किंमत न्हाई राहिली बघा." साहेबांनी तिथेच दोन माणसांना पट्टा बघून यायला पाठवलं. पुढच्या काही आठवड्यांत आमच्या शाळेच्या कोपऱ्यापासून बागेपर्यंतचा तुकडा मोकळा झाला. बांबू गेले, गाड्या गेल्या. रसवंतीवाला आतल्या बाजूला मोकळ्या जागेत सरकला आणि त्याचा धंदा वाढला, असं तोच सांगतो. पट्टा खरंच लाल आहे. बागेच्या पुढे अजून गाड्याच आहेत, पण आम्हीही आहोतच.

त्या दिवशी शाळा सुटली तेव्हा फाटकाबाहेर तो दोन सायकली घेऊन उभा होता. डावा हात चोळत होता. सकाळचं भांडण मला आठवलं आणि मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "चल, भूक लागलीय." आम्ही शेजारी शेजारी निघालो. डोक्यावर ऊन, मागे भोंगे, एक टेम्पोवाला चक्क शिवी देऊन गेला. पण मी बाजूला झाले नाही. इतकं सुख मला क्वचित झालं असेल, आणि ते भर रस्त्यात, शाळेच्या साडीत झालं.

आता दर गुरुवारी तो शाळा सुटायच्या वेळी येतो. आम्ही मोकळ्या झालेल्या पट्ट्यावरून घरी जातो. अडचण एकच. पट्टा एका सायकलीपुरता रुंद आहे. मग मी पुढे आणि तो मागे, आणि आम्ही ओरडून बोलतो, त्यामुळे आमच्याकडे काय भाजी आहे ते रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांना कळतं.

परवा मी नवीन निवेदन घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, पट्टा मोकळा करून दिला. एक सायकल आरामात जाते ना?"

"जाते," मी म्हटलं. "दोन जायला पाहिजेत."