पावण्याच्या नावाची डबी

आमच्या समोरच्या काकांनी पिनेचा जितका विचार केला आहे, तितका उचगावातच काय, अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणी केला नसेल. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. काका लाकडाला लागले. लाकूड जोडायच्या पिना मारायची बंदूक घ्यायला ते शहरातल्या एकाच दुकानात चार वेळा गेले, तेही प्रत्येक खेपेला पिशवीत स्वतःची लाकडं घेऊन. चौथ्या खेपेला मी सोबत होते. दुकानदार म्हणाला, "काका, बंदूक घेताय का पोरीला स्थळ बघताय?"

"स्थळ एका चहात ठरतंय," काका म्हणाले, "ह्ये तसलं न्हाय."

शेवटी सगळ्यांत बारीक, बिनडोक्याच्या पिनांची बंदूक त्यांनी पसंत केली. जाड पिन घट्ट धरते, पण नाजूक लाकूड फोडते आणि वर भोक ठेवते. "धरायचं काम गोंदाचं. पिन नुसती गोंद वाळंस्तवर हात धरून बसती," हे त्यांनी दुकानदाराला, रिक्षावाल्याला आणि घरी काकूंनाही समजावलं. काकू म्हणाल्या, "बसू दे की तिला. तुम्ही जेवाय बसा."

पिनेच्या लांबीचा त्यांचा नियम साधा आहे: वरचं लाकूड जेवढं जाड, त्याच्या तिप्पट पिन. पण काकांचा स्वतःच्याच नियमावर विश्वास नाही. ते प्रत्येक लांबीची पिन टाकाऊ तुकड्यात मारतात आणि तो पटाशीनं फोडून पिन आत कुठं गेली ते बघतात. लांब पिन कधी कधी लाकडाच्या रेषेबरोबर वळते आणि भलत्याच बाजूनं टोक बाहेर काढते. न सांगता उगवणाऱ्या या टोकाला काका 'पावणं' म्हणतात. म्हणून कुठल्याही कामात ते एक नग जास्तीचा करतात. "पावणं येणारच की. त्याच्या नावाचं ताट वाढून ठेवावं." बिघडलेला नग फेकायचा नाही, भिंतीवरच्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवायचा. '३० मिमी. लई शहाणपणा.' '२० मिमी. बोलत बसलो.'

मी फारशी बोलत नाही, म्हणूनच बहुतेक काकांनी मला हाताखाली घेतलं. हुपरीच्या एका चांदीच्या दुकानानं पैंजणांसाठी चोवीस लाकडी डब्या सांगितल्या, ते माझं पहिलं काम. या डब्या पसंत पडल्या तरच पुढचं मिळणार होतं. वेळ कमी, म्हणून जास्तीची डबी मी करणार नाही म्हटलं. काकांनी अठरा मिलिमीटरच्या पिना काढून दिल्या. शेवटच्या डबीला त्या संपल्या. हाताशी पंचवीसच्या होत्या; मी त्यातल्या चार मारल्या. बाहेरून काही कळत नव्हतं. मी कुणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी काकांनी आपल्या जुन्या फेट्याचा तुकडा काढला. तो ते प्रत्येक डबीच्या आतून फिरवतात. जे फेट्यात अडकतं ते पैंजणातही अडकणार. तेवीस डब्यांतून तुकडा अलगद फिरला. चोविसाव्या डबीत त्याचा धागा निघाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी भुश्शाकडे. मग त्यांनी डबी फळीवर त्यांच्या चुकांच्या मधोमध ठेवली आणि कोरी चिठ्ठी पुढे केली.

"ल्ही."

इंग्रजी शाळेतलं माझं तिरकं मराठी अक्षर. मी लिहिलं, '२५ मिमी. गप्प बसले.'

काका मोठ्यानं हसले, उठले आणि कपाटातून एक डबी काढून आणली. माझ्या नकळत त्यांनी ती आधीच करून ठेवली होती. "जा आता हुपरीला. चोवीस पुऱ्या हाईत."

आता मला हुपरीहून नेमानं काम येतं. काकांचा उजवा हात अलीकडे थरथरतो, म्हणून बंदूक माझ्याकडे असते. ते खुर्चीत बसून डब्यांतून फेटा फिरवतात. फळी भरत आली आहे. परवा तिथल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांनी चष्मा लावून वाचल्या. नव्या सगळ्या माझ्या अक्षरातल्या होत्या.

"बघ पोरी," ते म्हणाले, "वर्षात माझी एक चूक न्हाय."

मी याही वेळी गप्प बसले.