ऐंशीवी साखळी

जेबेझ क्रॉवेलने इलिनॉयची कितीतरी जमीन साखळीने मोजली, पण स्वतःच्या नावावर हातभर तुकडा केला नाही. असतात अशी माणसं. नवा देश पश्चिमेकडे सुटला होता. झेंड्यावर दर दोन-चार वर्षांनी नवा तारा चढायचा, आणि त्याच्या आधी चिखलातून हा बाबा सहासष्ट फुटी साखळी ओढत गेलेला असायचा. ऐंशी साखळ्यांचा मैल, मैलाला खुंट, आणि खुंटाजवळच्या झाडावर कोरलेले आकडे. ते साक्षीचं झाड. त्याला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नव्हती.

त्याची लेक ऑर्फा चार वर्षांची असताना, इकडे येतानाच तापाने गेली. एका ओकखाली तिला पुरून नवरा-बायकोने गाडी पुढे हाकली. दगड नाही, कुंपण नाही. लव्हायना, त्याची बायको, पुढे सारखं एकच विचारायची, आपलं लेकरू पुन्हा सापडेल का हो?

दोन वर्षांनी मोजणी नेमकी त्याच राईत आली. रेषा पूर्वेला चालली होती, ओक डाव्या हाताला दिसत होता, पण मैल पुरा व्हायला एक साखळी कमी. पुढे ऐंशीव्या साखळीवर एल्मच्या झाडांची ही गर्दी, मग साक्षीला ओक कोण घेतो? जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाने एकोणऐंशीलाच हाळी दिली, "ऐंशी!" मोजणीदाराने मान वर न करता लिहून घेतलं. खुंट तिथेच ठोकला. सरळ उत्तरेला सव्वा साखळीवर ओक होता, त्यावर आकडे त्यानेच कोरले.

"आता ती सरकारच्या वहीत आहे," तो घरी येऊन म्हणाला. लव्हायना त्या दिवशी पोटभर जेवली.

बारा वर्षं गेली. कालवा झाला, गावं वसली, गहू बोटींनी पूर्वेला जायला लागला. दोघं लेकीला भेटायला आली, तर ओक नाही. रस्त्यात येतो म्हणून गावाने ठराव करून पाडला होता. खुंटातून निघणाऱ्या मोजणीच्या उभ्या-आडव्या रेषांवरूनच रस्ते काढायचे, हा इथला शिरस्ता. साखळीवाल्याला तो ठाऊक नसावा? होता हो. पण त्या दिवशी साखळी बापाच्या हातात होती.

जेबेझने खुंटापासून मोजलं. जागा बरोबर चाकोरीत निघाली.

मग त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"खरं मोजलं असतं तर?"

"रस्ता तिकडून गेला असता. एल्मकडून."

लव्हायना चाकोरीतच बसली. मागून गव्हाच्या गाड्या आल्या. पुढचा गाडीवान भला माणूस, टोपी काढून म्हणाला की बाई, जरा बाजूला व्हा, बोट चुकेल. ती उठली, कडेला नवऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. पहिलं चाक त्या जागेवरून गेलं.

"मोजा," ती म्हणाली. "आता तरी नीट मोजा."

जेबेझने मोजल्या. सात गाड्या होत्या.