आशाबाईची निळी सवत

आशाबाईला सवत आली ती नवरा वारल्यावर कितीतरी वर्षांनी. आणि आली ती कशी, तर बोटाच्या पेराएवढी, निळी, गॅसच्या भट्टीत बिऱ्हाड करून राहणारी.

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात यादवशेठचं मावा जिलेबीचं दुकान. तिथली भट्टी आशाबाई पेटवायची, लाकडाची होती तेव्हापासून. गॅस आला आणि तिचा मान वाढलाच, कारण आधी गॅसचा कॉक सोडून मग काडी शोधणाऱ्या कारागिरांनी आपापल्या भुवया जाळून घेतल्या होत्या. आशाबाई लांब सळईला तेलाची चिंधी गुंडाळायची, तो पेटता काकडा आधी बर्नरवर धरायची आणि मग डाव्या हातानं कॉक सोडायची. भप्प! मग चिमूटभर मावा जाळात टाकायची. अग्नीचा घास. त्याशिवाय कढईत तूप पडत नसे. घास टाकणारा हात त्या दुकानात शेठच्या हातापेक्षा मोठा समजत.

बऱ्हाणपूर नुकतंच जिल्हा झालं होतं. शेठच्या अंगात नवेपणाचं वारं शिरलं. त्यानं नेपानगरहून गिरधर मिस्त्रीला बोलावलं.

गिरधरनं मोठ्या बर्नरच्या कडेला एक चिमुकला बर्नर बसवला. सांध्यांवर साबणाचा फेस लावला, बुडबुडा येतोय का ते डोळे बारीक करून पाहिलं. नॉब दाबून धरत ज्योत लावली.

"ही पायलट. दिवसभर जळत राहणार. मोठा कॉक फिरवला की हिच्यावरून भट्टी पेटणार."

"आणि काकडा?" आशाबाईनं विचारलं.

"काकड्याची काय जरूरत, बाई?"

मग गिरधरनं चक्क फुंकर मारून ज्योत विझवली. सगळे कान देऊन उभे. थोड्या वेळानं आतून आवाज आला, टक.

"ऐकलं? ज्योत गेली की गॅस आपोआप बंद. पायलटचाही, भट्टीचाही."

"फुंकरीनं मरते व्हय?" आशाबाई म्हणाली. "माझा काकडा तापीच्या वाऱ्यात मरत नाही."

"काकडा मेला तर गॅस चालूच राहतो ना, बाई!"

कारागीर हसले. आशाबाईला ते हसणं उकळत्या तुपासारखं लागलं.

शेठनं हाक मारली, "लीला, तू फिरव कॉक!"

लीला आशाबाईच्या बहिणीची पोर. मावशीनंच तिला पराती घासायच्या कामाला लावलेलं. तिनं दोन बोटांनी कॉक फिरवला. भप्प!

"वा लीला, वा! क्या बात है!" शेठनं टाळ्या वाजवल्या.

आशाबाई मनात म्हणाली, माझ्या हातानं जन्मभर पेटली, तेव्हा तुझे हात काय बांधले होते रे, मेल्या?

शेठ पुढं बोललाच. "उद्यापासून भट्टी लीला पेटवणार. घासही तीच टाकणार. तुम्ही आराम करा, आशाबाई. डबे भरा."

दुसऱ्या दिवशी देडतलाई गावच्या लग्नाची जिलेबी काढायची होती. लीला चिमटीत मावा घेऊन उभी.

"मावशी, घास कुठं टाकू? मोठ्या जाळात की या बारकीला?"

आशाबाई डब्यांवरचं फडकं झटकत होती. तिनं मान वर केली नाही.

"जिच्यानं भट्टी पेटते, तिला. रीत हाय आपली. घाल तिच्या तोंडात, मोठी आली महाराणी!"

लीलानं घातला. मावा वितळला, चर्र झालं, निळी ज्योत पिवळी झाली आणि गेली. टक. मोठी भट्टीही विझली.

"काय केलंस, पोरी?" शेठ ओरडला. "देडतलाईवाले दारात उभे राहतील! अक्कल हाय का नाही?"

लीलाचे डोळे भरले. तिनं एकदा मावशीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. नाव घेतलं नाही.

आशाबाईनं तोवर काकडा पेटवलाही होता. छाती पुढं काढून ती भट्टीशी आली, काकडा धरला, कॉक सोडला. काही नाही. पुन्हा सोडला. गॅसच येईना. सवत मरता मरता दाराला कडी लावून गेली होती. काकडा हातात जळत राहिला, सगळं दुकान बघत राहिलं.

गिरधर येईस्तोवर ऊन चढलं. त्यानं सुईनं पायलटचं बारीक छिद्र साफ केलं, सुईच्या टोकाला काळपट मावा.

"हिला जेवायला कोणी घातलं?"

लीला तोंड उघडणार, तोच आशाबाई बोलली, "मी. तिला काहून पाहता? पोरीनं माझंच ऐकलं."

शेठ आ वासून पाहत राहिला. "तुम्ही? काहून पण?"

"मला ती निळी सवत डोळ्यांसमोर नको होती."

कोणी हसलं नाही. वरून काही पडू नये म्हणून गिरधरनं पायलटवर पत्र्याचं छोटं छप्पर बसवलं, बाजू उघड्या ठेवून. "शेठ, रोज सकाळी हिला विझवून पाहायचं. टक ऐकू आलं तरच भट्टी चालवायची. कोणाला शिकवू?"

"विझवायचं?" आशाबाई पदर खोचत पुढं आली. "रोज?"

"रोज."

"मग लीलाला कॉक शिकवा. फुंकर माझी."

शेठनं जिलेबीच्या रिकाम्या कढईकडं पाहिलं. "मारा फुंकर बापा, पण तूप पडू द्या आता!"

तेव्हापासून सकाळी आशाबाई भट्टीपुढं वाकते, गाल फुगवते, सवतीला एका फुंकरीत विझवते आणि टक ऐकून हळूच हसते. मग लीला नॉब दाबते आणि आशाबाई ज्योत काकड्यानंच लावते, काडीनं नाही. घास आता लीला टाकते, पण मोठ्या जाळात. बारकीकडं हात वळला की मावशी ओरडते, "तिला नको! तिला माझी फुंकर पुरे."