येतो म्हणा

आमच्या नागावात बुवा-महाराज पुष्कळ येऊन गेले, पण पाया पडू न देणारे हे एकटेच. मुंबईला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. बायको वारल्यावर नोकरी सोडून आमच्या शेजारच्या नारळीच्या वाडीत झोपडी बांधून राहिले. सगळे त्यांना प्रोफेसरसाहेब म्हणत. वाडीतला गडी मात्र खट्टू होता, "ह्यो कसला बुवा? आंगारासुद्दा देत न्हाय."

साहेब सांगत, माणूस शब्दांच्या आड लपतो. बांगडी फुटली की 'वाढवली', नारळ फोडला तरी 'वाढवला', डब्यातले तांदूळ संपले तरी 'वाढले'च. भीती वाटते ना, मग भीतीकडे नीट बघा, तिला गोड नावं कशाला देता?

माझे वडील शाळामास्तर. गुरूपेक्षा शिष्य सवाई. आमच्या घरात नारळ फुटू लागले, तांदूळ सरळ संपू लागले आणि आईच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्या वाढल्या. मला आधी गंमत वाटायची.

एका फाल्गुनात साहेब मुंबईला गेले आणि विषमज्वराने आडवे झाले. त्यांना पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून वडील निघाले. उंबऱ्यात म्हणाले, "जातो."

आई म्हणाली, "येतो म्हणा."

"येणं आपल्या हातात आहे का?"

"नसेना. पण म्हणायला काय हरकत आहे?"

ते हसले आणि तसेच बोटीच्या धक्क्याकडे चालू लागले.

साहेब बरे झाले. ताप वडिलांना लागला आणि त्यातच ते गेले. याचा राग मला अजून आहे, कुणावर ते सांगता येत नाही. माझे मुंबईचे काका शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं, ताप चढला तेव्हापासून शुद्धच नव्हती, एक शब्द फुटला नाही तोंडातून.

महिन्याभराने साहेब आमच्या ओटीवर येऊन बसले. अंगात काही उरलं नव्हतं. आई दाराआडून म्हणाली, "निघताना हे येतो म्हणाले नाहीत. शेवटी तरी म्हणाले का?"

साहेब मग हळूच म्हणाले, "म्हणाले."

आई पदर सावरून बाहेर आली. ती रडत नव्हती.

"खोटं बोलायला शिकलात होय," ती म्हणाली. "त्यांच्या देखत शिकायचं होतं."